खड्यांवर झालेला पाटील

मी चौथी पास आहे. त्यापुढं शाळा नाही. लिहिण्यात चुका असतील त्या नातीनं काढाव्यात, पण माझं बोलणं बदलू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

बायको जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून गावाकडचं घर बंद करून मी केडगावला मुलाकडं राहतो. या आठ महिन्यांत एक गोष्ट मला फार खात होती. मला तिचा आवाज आठवायचा तो फक्त शेवटच्या पंधरा दिवसांचा, दवाखान्यातला. बारीक, तुटका, पाणी मागणारा. पन्नासच्या वर वर्षं संसार केला आणि कानात राहिलं ते एवढंच. बाकीचा आवाज कुठं गेला? कुणाला विचारणार असलं?

गेल्या रविवारी तो परत आला.

नात पुण्याला शिकते. सुट्टीला आली ती चार मित्रमैत्रिणी घेऊन. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कसला तरी नकाशा पसरला. फासे तर असले की कशाला आठ बाजू, कशाला वीस. प्रत्येकानं एकेक सोंग घेतलेलं, कुणी लढवय्या, कुणी जादूगार. नात मधे बसून गोष्ट सांगणार, आणि हे आपापल्या सोंगानं काय करणार ते बोलणार, फासा टाकणार. मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो होतो. तेवढ्यात त्यांचं जुंपलं. एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, "मी एवढे राक्षस मारले, माझे पॉइंट भरले, मला वरची पायरी दे." नात म्हणाली, "पॉइंटबिइंट काही नाही. गोष्ट त्या जागी पोचली की मी सगळ्यांना चढवीन." तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या मनावर?" ती म्हणाली, "गोष्टीच्या मनावर."

मला हसू फुटलं. असं फुटलं की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. कारण हेच भांडण, याच शब्दांत म्हटलं तरी चालेल, मी आणि माझी बायको दुष्काळी कामावर महिनाभर भांडलो होतो. आणि हसता हसता माझ्या कानात तिचा अठराव्या वर्षीचा आवाज आला. खणखणीत. मला फार बरं वाटलं. छातीवरचं पोतं कुणी उचलून खाली ठेवावं तसं.

नात म्हणाली, "आबा, लिहा ते." म्हणून लिहितोय.

बाहत्तरचा दुष्काळ. आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, तिकडं बऱ्या सालीही पाऊस जपूनच पडतो. त्या साली पडलाच नाही. दिवाळीनंतर गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. आम्ही पुरुष माती खणायचो, बाया पाट्या भरून बांधावर टाकायच्या. दुपारी सुट्टी. सरकारी सुकडी मिळायची खायला, घरची भाकरी असायची तांबड्या मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची. वाळक्या बाभळीवर एक लुगडं बांधून सावली केलेली, तिच्याखाली आम्ही चौघं बसायचो. मी, माझी बायको, माझी थोरली वहिनी आणि माझे चुलते. चुलत्यांना सगळे तात्या म्हणायचे. साठीचे, बायको नाही, मूल नाही, जीभ तेवढी तिखट. थोरला भाऊ ऊसतोडीला गेलेला. बाप आदल्या साली वारला होता, आई घरी वहिनीची पोरं सांभाळायची.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी आमच्यात वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. मला पाणी हवं असलं तर मी वहिनीला म्हणायचो, "वहिनी, पानी हाय का?" आणि वहिनी बायकोला म्हणायची, "दे गं त्याला." बायको तांब्या माझ्या पुढ्यात ठेवायची, तोंड तिकडं करून. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी पन्नास वाक्यंसुद्धा बोललो नसू.

बोलायला मला तोंडही नव्हतं, हे खरं. माझी बायको कालव्याच्या भागातली. तिच्या दारापुढनं पाट वाहायचा. सोयरीक जुळवताना तिचे वडील आमचं घर बघायला आले ते भाद्रपदात. विहीर काठोकाठ भरलेली. त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात पानी असतं का?" माझा बाप म्हणाला, "बारमाही." मी शेजारी पोहे खात बसलो होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी तोंड घातलं, "आमी तर वैशाखात पोहतो तिच्यात." तात्याही तिथंच होते, ते मान हलवत राहिले. पाहुणा घरी गेला आणि लेकीला सांगितलं, पोरगा विहिरीत पोहतो.

वैशाखात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली. दोर पुरला नाही. वहिनीनं दुसरा दोर जोडून दिला, तर बादली खाली दगडावर वाजली. ती रिकामी बादली घेऊन परत आली. मी ओट्यावर बसलो होतो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. बोलली काही नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं दोन वर्षं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर दुष्काळी काम. एक दिवस तिनं सपाट दगडावर कोळशानं एक गाव काढलं. वेस, चावडी, देऊळ, ओढा. वहिनीला म्हणाली, "आक्का, आमच्या माहेरी आमी बहिनी असा डाव खेळायचो. ज्यानं त्यानं सोंग घ्यायचं. मी गोष्ट सांगत जाते." चार चिंचोके फोडून, दगडावर घासून तिनं त्यांची एक बाजू पांढरी केली होती. आपण काय करणार ते बोलायचं आणि चिंचोके टाकायचे. दोन किंवा जास्त पांढरे पडले तर जमलं, नाहीतर फसलं. एवढाच नियम.

वहिनी म्हणाली, "मी चोर हुनार."

"तू?" तात्या म्हणाले.

"जन्मभर घरात राबतीय, मामंजी. जरा लोकांच्या घरात शिरून बघते."

मी धनगर झालो. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "मी घोडा."

बायको पदर सावरत म्हणाली, "मामंजी, घोडा बोलत न्हाई."

"बोलून बोलून कंटाळलो पोरी. घोडाच कर मला."

ते घोडा झाले. आणि असा तिरसट घोडा होता की दोन दिवसांत शेजारच्या टोळीतली माणसं भाकरी घेऊन बघायला यायला लागली.

माझ्यासाठी वेगळीच गोष्ट झाली. गोष्ट सांगताना ती माझ्याशी बोलायची. तात्यांच्या देखत, सगळ्यांच्या देखत. "धनगरा, तुझं मेंढरू ओढ्यात अडकलंय. काय करशील?" आणि मी तिला उत्तर द्यायचो. रीत मोडत नव्हती, कारण ती धनगराशी बोलत होती, आणि डावापायी होणारं बोलणं-भांडणही डावातच धरलं जायचं. मी रात्रभर दुपारची वाट बघायचो.

मग सोंग वर चढायचा प्रश्न आला. पटाच्या खेळात सोंगटी घरात पोचली की ती पिकली म्हणतात. मी म्हणालो, आपलं सोंगही पिकलं पाहिजे. मला धनगराचा पाटील व्हायचं होतं. तिनं विचारलं, कसा होणार? मी म्हणालो, "दर वेळी जमलं की एक खडा घ्यायचा. धा खडे झाले की पाटील."

"खडे मोजून पाटील?" ती म्हणाली. "ज्वारी मोजून पिकती का? गोष्टीत तसं घडलं पायजे. मंग पिकल."

मी ऐकेना. आणि माझं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. आमचं खणलेलं मोजायला कारकून यायचा. मधे मातीचा एक खांब तसाच सोडलेला असायचा, त्यावरनं किती खणलं ते कळायचं. तो खांब नसता तर कारकुनानं आपल्या मर्जीतल्या टोळीला वर चढवलं असतं. माप होतं म्हणून आम्हा गरिबाला आधार होता. तेच मी म्हणालो. "गोष्ट तुझ्या हातात. तू उद्या वहिनीला चढवशील, मला ठेवशील मेंढरांत. खडा कुनाच्या बापाचा न्हाई."

वहिनी म्हणाली, "ह्ये खरं हाय हां. परवा माझा चोर पकडला आन धनगर सुटला."

"तुमी चोरी करताना शिंकला, आक्का."

"मी शिंकले, चोर न्हाई शिंकला!"

तिनं हात टेकले. म्हणाली, "घ्या खडे." आणि खडे सुरू झाले. तात्यांनी मात्र घेतले नाहीत. म्हणाले, "घोडा मोजत न्हाई."

फाल्गुनात तिच्या भावाचं कार्ड आलं. माझ्या हातात यायच्या आधी कारकुनानं सगळ्यांपुढं वाचून दाखवलं. पाडवा झाला की बहिणीला न्यायला येतो, इकडं पाणी आहे, तिनं तिकडं पाट्या वाहू नयेत. परत कधी पाठवणार ते लिहिलं नव्हतं. त्या वर्षी आमच्या गावातल्या दोन सुना अशाच माहेरी गेल्या होत्या आणि आल्या नव्हत्या. सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. ती पाटी भरत होती. कार्ड ऐकून तिनं पाटी उचलली आणि बांधाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाताना तात्या आणि वहिनी पुढं गेले तसं मी तिला गाठलं आणि चालता चालता सांगायला लागलो. तीनदा टँकरवर पाणी भरून दिलं. कधी हात उगारला नाही. माझ्या वाटणीची सुकडी दिली. तुला ताप होता तेव्हा तुझ्या पाट्या मी टाकल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किती खडे झाले?"

ती पुढं निघून गेली.

अशा डोक्यानं मी पुढचे दिवस खेळलो. माझे नऊ खडे झाले होते आणि दहावा काही केल्या पडत नव्हता. चिंचोके काळेच पडायचे. मला उगाच वाटायला लागलं, पाटील झालो की सगळं ठीक होईल. कशानं ठीक होईल ते विचारू नका. एकविसाव्या वर्षी माणसाला कशानंही काहीही होईल असं वाटतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळे टँकरकडं पळाले, तेव्हा मी एक खडा उचलून आपल्या ढिगात सरकवला.

ती परत आली. ढिगाकडं बघितलं. मोजलं का नाही ते मला आज पन्नास वर्षांनीही माहीत नाही. म्हणाली, "धा झाले वाटतं. धनगर पाटील झाला."

तात्या म्हणाले, "घोडा मातुर घोडाच."

आता मला वाटलं होतं, फेटाबिटा बांधेल गोष्टीत, मिरवणूक काढेल. तिनं काय केलं? पदर नीट घेतला आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "पाटील, वेशीत पाव्हना आलाय. कालव्याकडचा हाय. तुमच्या गावात लेक द्यायची म्हनतोय. इचारतोय, विहिरीला उन्हाळ्यात पानी असतं का?"

वहिनीची भाकरी हातात राहिली. तात्या आभाळाकडं बघायला लागले, तिथं एक ढग नव्हता. शेजारच्या टोळीतले चारपाचजण उभे होते, त्यांना काही माहीत नव्हतं, ते मजेनं बघत होते.

मी चिंचोके टाकायला उचलले. तिनं हात पुढं केला आणि माझ्या मुठीवर ठेवला. सगळ्यांच्या देखत.

"ह्याला दान न्हाई, पाटील. ह्ये नुसतं सांगायचं."

मी म्हणालो, "पाव्हन्याला बसवा. च्या करा."

वहिनी म्हणाली, "च्याला पानी लागतंय, भावजी."

लोक हसले. माझे कान तापले. मला तिथनं उठून जाता आलं असतं. खोटंही बोलता आलं असतं, गोष्टच होती, कुणाचं काय जाणार होतं. पण तिचे डोळे होते ना समोर. रिकामी बादली घेऊन आली होती तेव्हाचेच.

"न्हाई," मी म्हणालो. "माघात आटती विहीर. दर सालीच आटती. बारमाही म्हनाले ती थाप. आन पोहतो म्हनालो ती तर माझीच थाप. मला पोहताच येत न्हाई."

कुणी हसलं नाही. शेजारच्या टोळीतलेसुद्धा. काहीतरी खरं चाललंय हे माणसाला कळतं.

एकदा तोंड उघडलं ते मला मिटता येईना. मी म्हणालो, "आन धावा खडा बी मीच ठेवला. पडला न्हवता."

तिनं माझा ढीग ओंजळीत घेतला आणि मागं फेकून दिला. खडे खणलेल्या मातीत गेले. मग म्हणाली, "आता पिकला पाटील."

"आता?" तात्या म्हणाले. "मंग मगाशी काय हुता?"

"मगाशी नुसते खडे हुते, मामंजी."

त्या दुपारनंतर मला हलकं वाटलं, पण भीती गेली नाही. खरं सांगितलं म्हणून विहिरीला पाणी थोडंच लागणार होतं. उलट आता तिला जायला कारण पक्कं झालं होतं, मीच तोंडानं दिलेलं. ती घरी पहिल्यासारखीच. तिचं एक नवं लुगडं होतं, ते तिनं धुऊन दोरीवर टाकलेलं मी बघितलं आणि समजायचं ते समजलो.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी भाऊ आला. एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी, खांद्यावर ज्वारीचं गाठोडं. सरळ कामावरच आला. बहीण डोक्यावर पाटी घेऊन बांध चढताना त्याला दिसली. त्याचं तोंड कसं झालं ते मी लिहीत नाही.

दुपारची सुट्टी झाली. लुगड्याच्या सावलीत तो बसला, पाणीही घेतलं नाही. भांडायच्या तयारीनंच आला होता. मला म्हणाला, "दाजी, एक सांगा. उद्या पाऊस झाला, तर भरल का तुमची विहीर?"

"भरल," मी म्हणालो. "पर माघात परत आटल."

"लग्नाच्या वक्ताला तर बारमाही हुती."

"लग्नाच्या वक्ताला खोटं बोललो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं असं पहिल्याच घासाला कबूल केलं की त्याचं अवघड होतं. त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "मी बी मान हलवली हुती. मला बी धर त्यात."

मग तो बहिणीकडं वळला. "चल. आवर."

ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "नागपंचमीला ये, दादा. समद्या लेकी जात्यात तशी येईन मी. चार दिस राहीन."

"पंचमीला? आन तवर हितं माती वाहनार?"

"डाव अर्धा राहिलाय."

"कसला डाव?"

"मामंजी अजून घोडाच हायती," ती म्हणाली. "त्यांना तसंच सोडून कशी येऊ?"

भावाला काही समजलं नाही. समजणार कसं? वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आणि तात्या, ज्यांना मी त्यांच्या स्वतःच्या भावाच्या मयतीलाही रडताना बघितलं नव्हतं, ते धोतराचा सोगा डोळ्याला लावून म्हणाले, "लई धूळ हाय हितं."

मी नंतर कैक वर्षांनी तिला विचारलं, का राहिलीस? पोरं झाली होती, सुना आल्या होत्या. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलेल. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "कालव्याकडं डास लई." मी पुन्हा विचारलं नाही.

भाऊ जेवला. मिलोची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती, तरी दोन खाल्ल्या. ज्वारीचं गाठोडं वहिनीकडं दिलं आणि फाट्याकडं निघाला. मी त्याला थोडं पुढवर पोचवायला गेलो. वळणावर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो जरा जोरातच ठेवला, आणि गेला.

परत आलो तर सुट्टी संपलेली. सगळे खड्ड्यात उतरले होते. मीही उतरलो, कुदळ हातात घेतली, पण ती उचलवेना. भीती असते तोवर माणूस उभा राहतो, ती गेली की कळतं अंगात काही उरलं नव्हतं. मी खड्ड्याच्या कडेला मातीला टेकून खाली बसलो. ऊन रणरणत होतं. मला फार गोड झोप यायला लागली. असं सुख मला त्यानंतर फार वेळा मिळालेलं नाही. मुकादम वरनं ओरडत होता, मला ऐकू येत होतं, पण दुसऱ्याच कुणाला तरी ओरडतोय असं वाटत होतं.

पाटी घेऊन ती आली. तात्या दोन हात अंतरावर खणत होते, वहिनी मागं उभी होती. डाव चालू नव्हता. ती पाटीलही म्हणाली नाही आणि धनगरही म्हणाली नाही.

"अहो," ती म्हणाली, "उठा की. का मीच खनू?"

मी उठलो.